पाइकचे लुअर, मरळीचं पाणी : सोलापूरच्या नोंदी

५ ऑक्टोबर : हाताशी काय आहे

भाचा स्वीडनला नोकरीला आहे आणि सुट्टीच्या दिवशी तिथे पाइक नावाचा शिकारी मासा पकडतो. गणपतीला घरी आला तेव्हा त्याने वापरलेल्या लुअरचा, म्हणजे माशाला भुलवायच्या खोट्या आमिषांचा, डबा माझ्या हाती दिला. "मामा, आपल्या मरळीला यातलं काय चालतं बघा. मोठा मासा मोठाच लुअर घेतो, एवढं मी तिथे बघितलंय."

डब्यातला माल असा: साठ-साठ ग्रॅमचे दोन जर्कबेट (हिसके देत ओढायचे लुअर), तोंडाला पारदर्शक जीभ असलेला बारा सेंटिमीटरचा एक लाकडी मासा, तीन धातूचे चमचे, एक वीतभर लांबीचा रबरी मासा आणि पोलादी तारेचे लीडर (दोरा आणि लुअर यांच्या मधला तुकडा). रबरी मासा सोडून सगळ्यांना तीन टोकांचे जाड गळ. माझ्याकडे आधीपासून सात फुटी मीडियम-हेवी रॉड (२८०० रुपये), ४००० साइजचं रीळ (२२०० रुपये) आणि चाळीस पौंडी विणलेला दोरा आहे.

पाइक आपल्याकडे होत नाही. तो युरोप, उत्तर आशिया आणि उत्तर अमेरिकेतला थंड पाण्याचा मासा. शिकारीची रीत मात्र मरळीशी जुळते. दोघेही गवताच्या कडेला निश्चल उभे राहतात आणि भक्ष्य टप्प्यात आलं की थोडक्या अंतरात झेपावतात. फरकही मोठे आहेत. पाइकच्या पाठीचा आणि पोटाखालचा पर पार शेपटीजवळ असतो, त्यामुळे तो सुटतो ते सरळ रेषेत. मरळीचे हे दोन्ही पर लांबलचक, अंगभर. शिवाय मरळ हवेत श्वास घेते आणि त्यासाठी तिला वर यावंच लागतं. पाइकचं तसं नाही. पाणी तापून त्यातला प्राणवायू कमी झाला की तो हैराण होतो, म्हणून तिकडचे जाणकार कडक उन्हाळ्यात त्याच्या वाटेला जात नाहीत. आपल्याकडे मरळ खेळते तीच मुळी उन्हाळ्यात.

म्हणून पद्धत अशी ठरवली आहे. पाइकचा प्रत्येक नियम घ्यायचा आणि तो तिथे का पाळतात ते आधी शोधायचं. ते कारण इथल्या पाण्यात लागू असेल तर नियम ठेवायचा, नसेल तर सोडायचा.

१२ ऑक्टोबर : हिप्परगा

तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परगा तलाव, कागदोपत्री एकरुख. आदिला नदी अडवून इंग्रजांच्या काळात बांधलेला. अशा तलावांत मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार संस्थेकडे असतो. गळ घेऊन जाणाऱ्याने आधी तिथल्या माणसांना विचारावं. मी विचारलं, आणि मरळ कुठे दिसते हेही त्यांनीच दाखवलं.

पाऊस नुकताच संपलेला, पाणी काठोकाठ, बेशरमीची झुडपं कमरेपर्यंत बुडालेली. पाण्याखाली हातभर अंतरावर पाणगवत सुरू होतं. जर्कबेट फेकला की दर वेळी मूठभर गवत घेऊन परत यायचा. तीन टोकांच्या गळांना दोन्ही बाजूंनी शेपट्या लागायच्या आणि त्या काढण्यातच सकाळ गेली. चमच्यांचीही तीच गत. रबरी मासा तेवढा जरा बरा आला, कारण त्याचा एकेरी गळ पाठीतून वर निघतो.

पाइकलाही गवत आवडतं, मग तिथे तीन टोकांचे गळ कसे चालतात? भाच्याला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "आम्ही होडीतून गवताच्या बाहेरच्या कडेने टाकतो मामा. गवतात टाकतच नाही." म्हणजे तिथे मासा कडेवर येतो आणि माणूस मोकळ्या पाण्याच्या बाजूला असतो. हिप्परग्याला मी काठावर. माझ्या आणि मोकळ्या पाण्याच्या मधेच गवत. इथे तो गळ बाद.

१८ ऑक्टोबर : गळ बदलले

सगळे तीन टोकांचे गळ काढून ३/० साइजचे एकेरी गळ लावले. कडीला सरळ बसणारे मिळतात, एक २५ रुपयांना. पुढच्या गळाचं टोक पुढे आणि मागच्याचं वर, अशी दिशा ठेवली. कड्या उघडायला खास पक्कड नसेल तर नखं जातात. ती १८० रुपयांची पक्कड आधीच घ्यावी.

१९ ऑक्टोबर : जर्कबेट बुडतोय

या जातीचा जर्कबेट मुद्दाम असा घडवतात की ओढला की डावी-उजवी घसरत जावा आणि थांबवला की पाण्यात जागच्या जागी राहावा, ना वर ना खाली. पाइक बहुतेक वेळा त्या थांब्यात घेतो. इथे मात्र गळ बदलायच्या आधी थांबवला की तो हळूहळू खाली जात होता. पाच मोजेपर्यंत अर्ध्या वितेहून जास्त. खाली लगेच गवत.

कारण पाण्याच्या तापमानात सापडलं. हिप्परग्याच्या पाण्यात स्वयंपाकघरातला थर्मामीटर धरला तर २८ अंश. एक लिटर पाण्याचं वजन १० अंशाला ९९९.७ ग्रॅम आणि ३० अंशाला ९९५.७ ग्रॅम. चार ग्रॅमचा फरक. साठ ग्रॅमच्या लुअरला तो पाव ग्रॅमच्या आसपास पडतो. म्हणजे तिकडच्या गार पाण्यात बरोबर तोललेला लुअर आपल्या कोमट पाण्यात पाव ग्रॅमने जड होतो. ऐकायला नगण्य, पण थांब्यावर चालणाऱ्या लुअरचं कामच तेवढ्यावर अवलंबून असतं. महागडा 'सस्पेंडिंग' (जागीच थांबणारा) लुअर मागवून तो खाली जातो म्हणून नावं ठेवणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

एकेरी गळ लावल्यावर उलट झालं. दोन्ही गळ मिळून साडेतीन ग्रॅम कमी भरले आणि लुअर बुचासारखा वर उसळायला लागला.

२० ऑक्टोबर : बादलीतलं काम

तलावाचंच पाणी कॅनमध्ये भरून आणलं होतं. ते बादलीत ओतून तिथेच तोल साधला. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा ३५० रुपयांना मिळाला. टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून सोल्डरची तार घेतली आणि पुढच्या गळाच्या दांडीवर वेढे देत गेलो. दोन वेढे दिले की बादलीत सोडायचा, बघायचं, परत काढायचा. एका टप्प्यावर लुअर पाण्याखाली दाबून सोडला तर अगदी सावकाश वर यायला लागला. नाक किंचित खाली, शेपूट वर. आणखी अर्धा वेढा दिला की जागीच थांबायचा.

तो अर्धा वेढा मी काढून टाकला. मोकळ्या पाण्यात जागीच थांबणारा लुअर चांगला असेल, पण खाली गवत असताना सावकाश वर येणारा जास्त कामाचा. गवताला नाक लागलं की ओढणं थांबवायचं. तो स्वतःच सुटून वर येतो, आणि ते वर येणं म्हणजेच थांबा. वेढ्यांवर पातळ एपॉक्सी गोंदाचा हात दिला, नाहीतर तार सैल होऊन घरंगळते.

२ नोव्हेंबर : पोलादी तार

पाइकला तारेशिवाय गळ टाकू नये, हा तिकडचा पक्का नियम आहे. त्याचे दात धारदार असतात, नायलॉनचा दोरा सहज कापतात. दोरा तुटला की मासा तोंडात लोखंड घेऊन जातो आणि मरतो. नियम माशाच्या भल्याचा आहे, म्हणून तो हलक्या हाताने सोडायचा नव्हता.

मध्यम मरळी लागल्या तेव्हा लीडरजवळचा दोरा बोटांतून ओढून पाहिला. खरखरीत झालेला, पण कुठे कापलेला नाही. मरळीचे दात पकड घट्ट ठेवतात, कात्रीसारखे चालत नाहीत. उलट तारेचा लीडर आणि त्याचे स्विव्हल (फिरत्या कड्या) मिळून चार-पाच ग्रॅम होतात आणि ते वजन नेमकं लुअरच्या नाकावर पडतं. बादलीत साधलेला तोल त्याने पार बिघडतो. तार काढली. त्या जागी साठ पौंडी जाड मोनोचा (एकधागी नायलॉन दोऱ्याचा) हातभर तुकडा लावला, छोटी गुंडी १८० रुपये. प्रत्येक माशानंतर शेवटची वीतभर बोटाने तपासायची आणि खरखर लागली तर कापून नव्याने बांधायची. एवढी शिस्त पाळणार नसाल तर तारच ठेवा.

१५ नोव्हेंबर : दिवाळीत लाकूडकाम

विकतचा एक जर्कबेट १२०० रुपयांच्या पुढे जातो आणि बेशरमीत अडकला की गेला. म्हणून घरीच करायला घेतला.

एमआयडीसीतल्या लेथवाल्या अण्णांनी जुन्या मागाचा धोटा काढून दिला. "ह्याला दोन्हीकडं टोक हाय की. निम्मा कापा, झाला तुमचा मासा." आकार खरंच तयार होता, आणि सोलापुरात धोट्यांना तोटा नाही. कापून, घासून बादलीत सोडला तर सरळ तळाला गेला. माग चालताना बसणारे फटके सोसायला धोट्याचं लाकूड घट्ट आणि जड घेतात. ज्या लाकडाला मुळात तरंगायचंच नाही त्याला शिशाने तोलता येत नाही.

मग बांधावरचा पांगारा घेतला. हलका, कोरायला मऊ. तोडून थोडेच दिवस झाले होते, पण वरून वाळलेला वाटला म्हणून कापला, रंगवला, एपॉक्सी दिली. आठवड्यात पोटाच्या रेषेवर चीर गेली आणि रंग फुगला. आत ओल राहिली की वरचा थर कितीही चांगला द्या, टिकत नाही. ते तुकडे फेकले. दुसरी फळी गच्चीवर सावलीत ठेवली आहे. रोज वजन करतोय. वजन उतरायचं थांबलं की कोरायला घेणार.

७ डिसेंबर : पांगारा, दुसऱ्यांदा

फळीचं वजन स्थिर झालं. यावेळचा क्रम असा:

चौदा सेंटिमीटरचा तुकडा, जाडी अंगठ्याएवढी. रंध्याने कडा उतरवण्याआधीच पोटाच्या मध्यरेषेवर करवतीने खाच घेतली. गोल झाल्यावर खाच सरळ येत नाही. एक मिलिमीटरची स्टेनलेस तार नाकापासून शेपटीपर्यंत एकसंध घातली, मधे पोटाखाली एक फासा. तार एकसंधच हवी. नुसते स्क्रू-हुक लाकडात बसवले तर मोठा मासा अंगाला पीळ देतो तेव्हा हुक उपटून येतात. पोटात तीन भोकं पाडली, दोन पुढच्या बाजूला आणि एक मागे. त्यांत शिशाच्या गोळ्या नुसत्या दाबून बसवल्या. गळ, कड्या, सगळं लावून बादलीत तोल पाहिला आणि मगच एपॉक्सीने बंद केलं. रंगाचं आणि एपॉक्सीचं वजन नंतर वाढतं, म्हणून या टप्प्यावर लुअर थोडा जास्तच तरंगता ठेवावा लागतो.

शिसं पोटाच्या तळाशी असलं की लुअर सरळ उभा राहतो. तेच मध्यभागी घातलं तर ओढताना लोळतो.

चमक कशी द्यायची या प्रश्नाला जुना तोडगा आहे. फिनलंडच्या लाउरी रापाला या कोळ्याने १९३६ मध्ये बुचाचा लुअर कोरला, त्यावर चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून वरचा थर दिला. थव्यातल्या डळमळत्या, जखमी माशावर मोठा मासा जातो हे त्याने पाण्यावर बघितलं होतं आणि तेच डळमळणं लाकडात आणलं. मी एकाला चॉकलेटची चांदी लावली, एक नुसता काळा ठेवला.

एका लुअरचा खर्च: लाकूड फुकट, तार, गळ, शिसं, एपॉक्सी मिळून १४० रुपयांच्या आत. वेळ मात्र भरपूर लागतो, आणि त्यातला बराचसा एपॉक्सी सुकण्यात.

२१ डिसेंबर : वडकबाळ, सीना नदी

वाहत्या पाण्यात शिवडा या शिकारी माशासाठी चमचे वापरून पाहिले. विजापूर रस्त्याला वडकबाळच्या अलीकडे सीनेत बंधाऱ्याखाली पाणी जरा पळतं, तळ दगडी आहे, गवत नाही. इथे तीन टोकांच्या गळाला हरकत नव्हती, तरी एकेरीच ठेवला. सोडवायला सोपा पडतो.

चमचा हा धातूच्या लुअरचा जुना प्रकार. अमेरिकेत ज्यूलिओ ब्यूएलने १८५२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. भाच्याचे चमचे संपू नयेत म्हणून भांड्यांच्या दुकानातून स्टीलचे साधे चमचे आणले, दांडी कापली, दोन्ही टोकांना भोकं पाडून कड्या घातल्या. जेवणाचा पातळ, रुंद चमचा सावकाश ओढला तरी डोलतो, पण वाऱ्यात लांब जात नाही. जाड आणि अरुंद चमचा लांब जातो, पण जोरात ओढल्याशिवाय हलत नाही. बंधाऱ्याखाली पाणीच जोर लावतं, तेव्हा तिथे जाड चमचा प्रवाहाला आडवा टाकून नुसता ताणून धरला तरी काम करतो.

दिवेलागणीला एक शिवडा आला. हातभर. जबड्यात बारीक दातांची दाट पट्टी असते, बोट घालू नये, पक्कडच वापरावी. जाड मोनो पांढरट झाला, तुटला नाही. शिवडा आता जगभरात संकटग्रस्तांच्या यादीत आहे, आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेने त्याला 'असुरक्षित' वर्गात टाकलं आहे. गळाने हौस करणाऱ्याने तो ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पाण्यातच सोडवला.

११ जानेवारी : थंडी

हिप्परग्याला सकाळी पाणी २१ अंश. मरळ वर येते, श्वास घेते आणि जाते. लुअरकडे बघत नाही. पाइकच्या लोकांचा हिवाळी नियम इथे जसाच्या तसा लागू पडला: पाणी गार झालं की चाल निम्मी करा आणि थांबा दुप्पट. काळा पांगारा लुअर टाकून, दोनदा हलवून, पंधरा मोजेपर्यंत थांबायचं. असं केल्यावर दुपारी उन्हात दोन लहान मरळी आल्या. मोठी नाही. गड्ड्याची जत्रा सुरू होते आहे, पाहुणे येणार, आता काम फेब्रुवारीत.

२२ फेब्रुवारी : बेडूक

पाणी उतरतंय आणि जलपर्णी पसरतेय. आता पाण्याखालून ओढायचा कोणताही लुअर काठावरून चालत नाही. इथे पोकळ रबरी बेडूकच हवा. त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटून असतात, माशाने दाबला तरच टोकं बाहेर येतात. १६० रुपयांपासून ४५० पर्यंतचे आणून पाहिले.

स्वस्त बेडकात शिवणीतून पाणी शिरतं. दहा-बारा फेकींत निम्मा भरतो आणि मागून बुडतो. पोटातल्या फटीवर लवचिक चिकटद्रव्य लावलं तर पाणी थांबतं, पण मग माशाने दाबल्यावर आतली हवा बाहेर जात नाही, बेडूक चेपत नाही आणि गळ लागत नाही. दोन चावे त्यातच गेले. शेवटी शिवण बंद केली आणि शेपटीकडे बारीक सुईने एक भोक ठेवलं. पाणी सावकाश शिरतं, अधूनमधून पिळून काढायचं, आणि दाबला की चेपतो.

पायांच्या झालरीची लांबी कमी केली. लांब पायांना धरून लहान मासे ओढतात आणि वाटतं चावा आला. एक पाय बोटभर जास्त कापला तर बेडूक एका बाजूला वळत चालतो. दोन्ही सारखेच कापावेत. गळांची टोकं पक्कडीने केसभर बाहेर वाकवली. जास्त वाकवली तर जलपर्णी पकडतात.

बेडकाला लीडर नको. विणलेला दोरा थेट बांधायचा. जलपर्णीच्या देठांतून मासा ओढून काढताना हाच दोरा देठ कापत येतो.

१५ मार्च : उजनी, करमाळ्याची बाजू

तात्या उजनीवर जाळं लावतात. वय सत्तरीच्या घरात. त्यांनी माझा डबा उघडून एकेक लुअर हातात घेऊन पाहिला. चांदी लावलेला बाजूला ठेवला. "ह्याच्यामागं चिलापी येईल. मरळीला खालनं वर बघायचं असतंय. वर उजेड, मधी काळं काहीतरी हलतंय, तेवढंच तिला दिसतं."

हे मनाला पटलं. उजनीचं पाणी हिरवट, गढूळ. खालून आभाळाकडे बघणाऱ्या माशाला रंग दिसत नाही, आकृती दिसते. त्या दिवसापासून पाण्यावरचे सगळे लुअर काळे केले.

तात्यांनी दुसरी गोष्ट दाखवली ती आणखी मोलाची. बाभळीच्या बुडालेल्या खोडांच्या मधे पाण्यावर एक वर्तुळ उठलं, मागोमाग चार-पाच बुडबुडे. मी रॉड उचलला तर त्यांनी मनगट धरलं. "दम घेऊन खाली गेली. आता तिच्या डोक्यावर टाकाल तर पळंल. बुडबुडे कुणीकडं चाललेत बघा. तिकडं पुढं टाका आन् गप ऱ्हावा."

बुडबुडे डावीकडे सरकत होते. त्यांच्या रेषेच्या बरंच पलीकडे बेडूक टाकला, सावकाश आणून रेषेवर थांबवला. पाण्यावरची वलयं विरली. बेडूक नुसता पडून होता, पाय खाली सोडून. दोऱ्याचा ढिला भाग हळूच गोळा केला, तेवढ्याने बेडकाचं नाक किंचित हललं. शेजारचं जलपर्णीचं पान एका बाजूने उचललं गेलं आणि त्याखालून पाणी फुगून आलं. मग आवाज झाला. बेडूक दिसेनासा झाला.

इथे झटका द्यायचा नाही. मरळ बेडूक आडवा धरते, खाली जाते आणि मग तोंडात फिरवते. दोरा चालायला लागला, रॉडच्या टोकाला वजन आलं, तेव्हा दोन्ही हातांनी वर ओढला. ड्रॅग, म्हणजे रिळातून दोरा सुटू देणारा ब्रेक, पूर्ण आवळलेला. पाइकला पळू देतात, कारण त्याच्यापुढे बहुधा मोकळं पाणी असतं. इथे पळू दिलं की ती खोडाला वेढा घालते. पहिल्या तीन-चार सेकंदांत तिचं डोकं वर आणलं नाही तर मासा, बेडूक आणि दोरा तिन्ही जातात. आली. टेपने ७४ सेंटिमीटर, शेपटीच्या बुडाशी डोळ्यासारखा ठिपका. पाण्यावर हक्क तात्यांच्या संस्थेचा, तेव्हा मासाही त्यांच्याकडे गेला.

५ एप्रिल : मोठा लुअर, मोठा मासा?

भाच्याचं म्हणणं तपासायला मोठ्या आणि लहान बेडकांनी आलटून पालटून टाकून पाहिलं. पाइकच्या बाबतीत मोठ्या लुअरचं कारण सरळ आहे. थंड पाण्यात मोठा मासा थोडी हालचाल करून जास्त पोटात घालायला बघतो. आपल्याकडे मोठ्या बेडकाने लहान मरळी कमी आल्या एवढं खरं, पण मोठ्या आल्या त्या दोन्ही मापांच्या बेडकांवर. फरक पडला तो टाकण्याच्या जागेने आणि थांब्याने. मोठ्या बेडकाचा एक तोटाही आहे. पाण्यावर पडताना आवाज होतो, आणि उथळ पाण्यात त्यानेच मासा हलतो. आता मधल्या मापाचा, साडेपाच-सहा सेंटिमीटरचाच वापरतो आहे.

थांबा मात्र पाइककडून जसाच्या तसा घेतला. त्याचं कारण दोघांत सारखं आहे: दबा धरून बसणारा मासा पाठलागापेक्षा टप्प्यात थांबलेलं भक्ष्य पसंत करतो.

१९ एप्रिल : ऊन आणि मासा

पारा ४२ च्या वर. काठावरचे दगड हाताला लागत नाहीत. मरळ हवेत श्वास घेते म्हणून पाण्याबाहेर टिकते, हे खरं. पण म्हणून तिला तापल्या दगडावर ठेवून फोटो काढणं चूक. अंगावरचा चिकट थर गेला की बुरशी धरते आणि सोडलेला मासा पुढे मरतो. मी सोलापुरी टॉवेल ओला करून सोबत ठेवतो. मासा त्यावर घ्यायचा, डोळ्यावर टॉवेलचं टोक टाकायचं, की धडपड थांबते. लांब नाकाची पक्कड ३०० रुपये, लुअर घेण्याआधी ही घ्या. गळांचे काटे मी पक्कडीने दाबून सपाट केले आहेत. दोरा ताणलेला ठेवला तर मासा सुटत नाही.

१० मे : उजनी वजा

धरणाचा उपयुक्त साठा संपून पातळी वजा झाली. पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याबाहेर आलंय. मासेमारीला हे दिवस वाईट, पण पाहणीला याहून चांगले नाहीत. पुढच्या वर्षी जे पाण्याखाली असणार ते सगळं आत्ता उघडं आहे: जुने रस्ते, विहिरींचे कठडे, बाभळीची खोडं, ओढ्याचे काठ. फोनवर प्रत्येक जागेची खूण करून ठेवली. पुढच्या हंगामात कोणता लुअर कुठे, याचा निम्मा निर्णय इथेच होतो. खोडं असतील तिथे बेडूक, ओढ्याच्या काठाला सावकाश वर येणारा पांगारा, दगडी उताराला चमचा.

दुपारनंतर होडी नको. मे २०२४ मध्ये कुगाव ते कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात होडी उलटून सहा जण गेले. वळवाचं आभाळ दिसलं की तात्यासुद्धा जाळं तसंच सोडून काठाला येतात. काठावर असाल तरी लाइफ जॅकेट घाला, गाळात पाय रुततो.

२१ जून : काम थांबवलं

पहिल्या दोन जोरदार पावसांनंतर हिप्परग्याच्या उथळ पाण्यात तांबूस पिल्लांचा थवा दिसला. थवा एकदम वर येतो, पाणी उकळल्यासारखं दिसतं आणि परत खाली जातो. त्याच्याखाली मरळ असतेच. ती पिल्लांवर राखण ठेवते आणि जवळ येणाऱ्या कशावरही तुटून पडते. त्या वेळी बेडूक टाकला तर हमखास लागते, आणि अनेक जण मुद्दाम तिथेच टाकतात. राखण करणारी उचलली की चिलापी आणि इतर मासे ती पिल्लं संपवतात. तलावातल्या उद्याच्या मोठ्या मरळी तिथेच जातात. थवा दिसला की गळ आत घ्यायचा. त्याला पाइकच्या नियमाचा आधार लागत नाही.

आजवरचा खर्च, रॉड आणि रीळ सोडून, ४,६०० रुपयांच्या आसपास. त्यातले हजारभर न टिकलेल्या बेडकांवर आणि फुटलेल्या पहिल्या पांगाऱ्यावर. डब्यात आता उरलेत ते असे: सुईचं भोक पाडलेले काळे बेडूक, सोल्डर गुंडाळलेला एक जर्कबेट, पांगाऱ्याचे दोन, जाड चमचे दोन. दुसरा जर्कबेट आणि पोलादी तारा भाच्याला परत देतोय, त्याला तिथे लागतील. ऑक्टोबरपर्यंत पांगाऱ्याची नवीन फळी वाळेल. यावेळी मागचं शिसं अर्धा सेंटिमीटर पुढे घेणार आहे, म्हणजे थांबल्यावर शेपूट आणखी उचलली जाईल आणि मागचा गळ गवताच्या वर राहील.